घरभाड्यातला कामाचा वाटा किती?

मार्च संपत आला की घरून काम करणारे नवे फ्रीलान्सर, घरखर्चातला कामाचा वाटा उत्पन्नातून वजा करायला, वीजबिलं आणि भाड्याच्या पावत्या शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: कलम ४४एडीए, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता ठरावीक टक्का उत्पन्न धरून कर भरायची सोय, लावायचं की नाही? १९६१च्या आयकर कायद्यातलं हे कलम माहिती तंत्रज्ञान, आर्किटेक्ट, इंजिनिअर, वकील, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांपुरतं आहे. (१ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला, तिथे कलमांचे क्रमांक वेगळे.) वर्षाची जमा (कामातून मिळालेली एकूण रक्कम) ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत ठेवून ७५ लाखांपर्यंत, तर निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवली की झालं. भाडं, वीज, लॅपटॉपचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) हे सगळं उरलेल्या निम्म्यात धरलेलं असतं, वेगळं काही मिळत नाही. १२ लाखांच्या जमेवर खरा खर्च दीड लाख असेल, तर बिलं जमवण्याचा खटाटोप करूच नका. याउलट निम्म्याहून कमी नफा दाखवायचा आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हिशेबाच्या वह्या आणि टॅक्स ऑडिट दोन्ही मागे लागतात.

भाषांतर, लेखन अशी कामं त्या यादीत नाहीत. घरखर्चाचा हिशेब खरा कामाला येतो तो यांच्या, आयटीआर-३ हे व्यवसायाच्या उत्पन्नाचं विवरणपत्र भरताना. नव्या करप्रणालीत वजावटी नाहीत म्हणून कित्येक जण इथेच हात टेकतात. पण गेल्या त्या ८०सीसारख्या, म्हणजे विमा-पीपीएफसारख्या गुंतवणुकीच्या वजावटी. व्यवसायाचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो.

वाटा किती धरायचा याचा ठरलेला टक्का कायद्यात नाही, तो वाजवी हवा एवढंच. फुटांवर काढलेला वाटा समजावून सांगायला सगळ्यात सोपा. समजा पुण्यात ६०० चौरस फुटांचा भाड्याचा फ्लॅट आहे, त्यात कामाची खोली १० बाय ९. म्हणजे ९० चौरस फूट, १५ टक्के. भाडं २४,००० असेल तर महिना ३,६००, वर्षाचे ४३,२००. त्याच खोलीत रात्री मुलं झोपत असतील तर वाटा आणखी कमी करा. खोलीचं माप टाकलेला हाती काढलेला नकाशा भाडेकराराला टाचून ठेवा. दोन वर्षांनी विचारणा झाली तर तोच उपयोगी पडतो. वीज मात्र डोळे मिटून १५ टक्के धरू नये, कारण फ्रिज आणि गीझरचा कामाशी काय संबंध? इंटरनेटचा वाटा सहसा जास्त निघतो. जो टक्का धराल त्याचं कारण एका ओळीत लिहून ठेवा आणि दरवर्षी तोच चालवा.

महावितरणचं बिल घरमालकाच्या नावावर असणं नेहमीचंच आहे, फक्त ते तुमच्या खात्यातून भरलेलं दिसलं पाहिजे. भाडेकरार बायकोच्या नावावर आणि भाडंही तिच्याच खात्यातून जात असेल, तर तो तुमचा खर्च नव्हे. जुन्या प्रणालीत ८०जीजी ही घरभाड्याची वजावट घेणाऱ्यांनी कामाच्या वाट्याचं भाडं तिथे पुन्हा धरू नये.

लॅपटॉपची पूर्ण किंमत एका वर्षात वजा होत नाही. संगणकाला घसारा ४० टक्के, खुर्ची-टेबलाला १०. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की त्या वर्षी दर निम्मा. १० नोव्हेंबरला ७०,०००चा लॅपटॉप घेतला तर यंदा १४,०००, पुढच्या वर्षी उरलेल्या ५६,०००वर २२,४००. एका दिवसात एका दुकानदाराला १०,०००च्या वर रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही. ‘रोखीत स्वस्त पडेल’ म्हणणाऱ्याचं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

स्वतःचं घर असेल तर भाडं द्यावंच लागत नाही, त्यामुळे मनाने ठरवलेलं भाडं खर्चात चालत नाही. गृहकर्जाच्या हप्त्यातलं मुद्दलही नाही. कामाच्या खोलीच्या वाट्याचं व्याज धरता येतं. तेवढ्या भागावर ५ टक्के घसाराही घेता येतो, पण घर विकताना त्या भागाचा नफा अल्पमुदतीचा धरला जातो, घर वीस वर्षं जुनं असलं तरी.