नोकरी सांभाळून मुंबईच्या फ्लॅटमध्ये गाणं रेकॉर्ड कसं करावं

घरून काम करणाऱ्याकडे गाण्यासाठी वेळच वेळ असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. वेळ असतो, पण तुकड्यातुकड्यांनी. त्यातल्या एका तुकड्यात वरच्या मजल्यावर फरशा बसवणं चालू असतं, दुसऱ्यात खाली भंगारवाला हाळी देत असतो, आणि तिसरा रिकामा मिळालाच तर दोन तासांच्या मीटिंगनंतर आपला घसा बसलेला असतो. या विषयावरचे बहुतेक सल्ले ‘वेळेचं नियोजन करा’ आणि ‘भिंतींना फोम लावा’ एवढ्यावर संपतात. पहिला सल्ला अर्धवट आहे. दुसऱ्याने पैसे जातात आणि रुळांवरची गाडी जशीच्या तशी ऐकू येते.

मी गातो आणि पेटी वाजवतो. राहायला मुलुंडला, रुळांपासून फार लांब नाही. दहा बाय दहाच्या एकाच खोलीत ऑफिसचं टेबल आणि गाण्याचं सामान दोन्ही आहे. खालची पद्धत गळा, पेटी, बासरी, गिटार अशा एकेकट्या आवाजांना चालते.

सामान मोजकं ठेवा

एक डायनॅमिक माइक (कमी संवेदनशील, मुख्यतः जवळचा आवाज टिपणारा), दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी), वायरचे बंद हेडफोन आणि एक जड बुडाचा स्टँड. शुअरचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि अशा खोलीसाठी आजही पुरेसा आहे. दुकानदार कंडेन्सर माइक गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. त्याची संवेदनशीलता उपचार केलेल्या स्टुडिओत वरदान असते, आपल्या खोलीत ती समोरच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टीही टिपते. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला चालत नाहीत, त्यांत आवाज उशिरा पोचतो आणि ताल हातातून सुटतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं काहीही टाकू नका. कंपनीचं धोरण आड येतं हे एक, आणि मीटिंगची सॉफ्टवेअर माइकची पातळी परस्पर वरखाली करतात हे दुसरं. ऑफिसचा हेडसेट ऑफिसच्या लॅपटॉपला, इंटरफेस घरच्या संगणकाला. दोन्ही वायरी कायम लावलेल्या असू द्या आणि स्टँड उभाच राहू द्या. चाळीस मिनिटं मोकळी मिळाली आणि त्यातली पंधरा मांडामांडीत गेली, तर गाणं व्हायचं नाही.

शांततेची वेळ हुडकणं

सगळी मेख इथे आहे, आणि मी सर्वांत जास्त काळ अडून बसलो तोही इथेच. खोली शांत आहे की नाही हे कानांना विचारू नका. मुंबईत राहून आपले कान पंखा, लिफ्ट, पाण्याचा पंप, दूरची गाडी हे सगळं गाळून टाकायला शिकलेले असतात. माइक काही गाळत नाही.

म्हणून माइकलाच विचारा. गाताना जिथे ठेवता तिथेच तो ठेवा, गाताना जेवढा गेन (माइकचा आवाज वाढवणारी कळ) असतो तेवढाच ठेवा, आणि कामाच्या एखाद्या दिवशी सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत रिकामी खोली रेकॉर्ड करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलं तर तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, हार्ड डिस्कला ते जड नाही. एक ताकीद मात्र गांभीर्याने घ्या: ऑफिसचा कॉल सुरू होण्याआधी हे रेकॉर्डिंग थांबवा. कंपनीची बोलणी तुमच्या खाजगी डिस्कवर साठता कामा नयेत. सगळ्यांत सोपं म्हणजे मधल्या वारची एक सुट्टी टाकून हे उरकणं. रविवारचं रेकॉर्डिंग उपयोगाचं नाही, त्या दिवशीची इमारत वेगळीच असते.

मग संपूर्ण दिवसाची लहर पडद्यावर एका नजरेत बघा. माझ्याकडे सकाळी सहा-सातला टाकी भरणाऱ्या पंपाची घरघर असते, रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आठच्या सुमारासही तिचं शेपूट दिसत होतं. साडेबारा ते दीड कुकर आणि शाळेच्या गाड्या. संध्याकाळी पाचनंतर खाली मुलं. गाड्यांचे उंचवटे दिवसभर, पण प्रत्येक उंचवटा छोटा. आणि दुपारी दोन ते चारच्या मध्ये एक सपाट पट्टा. बऱ्याच सोसायट्यांमध्ये त्या वेळेत ठोकाठोकीला आणि ड्रिलिंगला मनाई असते. तुमच्या सोसायटीत असा नियम आहे का ते सेक्रेटरींना विचारा, आणि असेल तर तो पाळला जावा म्हणून तुम्हीच पाठपुरावा करा.

पट्टा सापडला की आवाजांची जात ओळखायची. गाडी येते आणि जाते. रूळ वाजायला लागले की थांबा, ती गेल्यावर दोन ओळी मागे जाऊन पुन्हा गा. तिच्यासाठी खिडकीवर हजारो रुपये घालू नका. ड्रिल मात्र काँक्रीटमधून येतं, भिंत आणि स्लॅब स्वतःच वाजतात. त्याला पडदा, गोधडी, फोम काही म्हणजे काही अडवत नाही. ड्रिल सुरू झालं की माइक बंद करा आणि ऑफिसचं राहिलेलं काम काढा, तोच त्या वेळेचा सदुपयोग.

सगळ्यांत फसवा आवाज म्हणजे सलग चालणारी गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रीज, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटर यांची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास येते. आता काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) १०४ हर्ट्झच्या जवळपास असतो. म्हणजे तुम्ही खाली पंचमावर ठेहराव घेतला की ती गुणगुण त्याला घासते आणि सूर हलल्यासारखा वाटतो. गाणाऱ्याला आपलाच सूर कच्चा वाटतो आणि तो उगाच वीस वेळा तीच ओळ गात बसतो. माइकवर किंवा इंटरफेसवर असणारा लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारी सोय) बहुधा ८० हर्ट्झच्या आसपास कापतो, त्यामुळे तो इथे कामाला येत नाही. बटणं बंद करणं हाच उपाय. फ्रीज बंद केलात तर घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर पडताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते.

‘राहू दे पंखा, नंतर सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनने काढू’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. पंख्याबरोबर श्वास जातो, शब्दाच्या शेवटचा ‘स’ जातो, पेटीच्या सुरामागची हवा जाते, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. मे महिन्यात पंखा बंद करून गायचं कसं? दुपारची शेवटची मीटिंग चालू असतानाच पडदे ओढून एसी लावून ठेवा. अर्ध्या तासात खोली, गादी, कपाट सगळं गार होतं. मीटिंग संपली की एसी बंद, पंखा बंद. वीस-पंचवीस मिनिटं आरामात निघतात. मग थांबा, घाम पुसा, जमलं तर दुसरा डाव.

‘रात्री एकनंतर लोकल बंद असतात, तेव्हा गा’ हेही सर्रास सांगितलं जातं. लोकल थांबतात हे खरं, पण मध्यरात्री तानांचा आवाज शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रच धरलेली आहे आणि निवासी भागाची मर्यादा तेव्हा ५५ वरून ४५ डेसिबलवर येते. शिवाय सकाळी साडेनऊला टीमचा रोजचा छोटा कॉल असतो. तिकडे जांभया द्यायच्या आणि इकडे थकलेल्या गळ्याने गायचं, यात नोकरीही नीट होत नाही आणि गाणंही.

पार्ले, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात राहणाऱ्यांना वर विमानंही आहेत. त्यांच्यासाठी कामाची गोष्ट: मुंबई विमानतळाच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी मे महिन्यात एक दिवस बंद ठेवतात, २०२४ मध्ये सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशी वेळ होती. तारीख पेपरात आधी येते. त्या दिवशीची रजा महिनाभर आधीच टाका.

कॅलेंडर

सपाट पट्टा सापडला की जेवणाची सुट्टी तिथे सरकवा. सगळे एकला जेवतात, तुम्ही साडेबाराला टेबलावरच डबा संपवा आणि सव्वादोन ते तीन कॅलेंडरवर अडवून ठेवा. मॅनेजरला सरळ सांगा की या वेळेत मी जागेवर नसतो, त्याबदल्यात सकाळी लवकर बसतो. चोरून गाणारा माणूस एक कान ऑफिसच्या पिंगकडे ठेवून गातो आणि ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

अमेरिकेतल्या टीमबरोबर काम असेल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात आणि आपले संध्याकाळचे कॉल एक तास पुढेमागे होतात. न्यूयॉर्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. त्या त्या आठवड्यात वेळापत्रक नव्याने बघा.

घरच्यांशीही बोलून ठेवा. आमच्याकडे आई दारातून विचारायची, “कुकर लावू का रे, की तुझं चालू आहे?” आणि तेवढ्याने ओळ जायची. आता दाराच्या कडीला लाल रुमाल बांधला की सव्वातीनपर्यंत कुकर नाही आणि मिक्सरही नाही. तिने हे पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळलं आहे.

गोधडी पाठीमागे

खोलीचा घुमारा कमी करायला लोक तोंडासमोर गोधडी टांगतात. दिशा उलटी झाली. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो आणि पाठीकडून सगळ्यांत कमी ऐकतो. त्याचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीकडेही असतं. तेव्हा जाड गोधडी किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट तुमच्या पाठीमागे हवं, आणि माइकची पाठ खिडकीकडे हवी. म्हणजे तुम्ही खिडकीकडे तोंड करून गायचं. विचित्र वाटतं, पण करून बघा आणि दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून ऐका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतला घुमाराही फारसा जात नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत नेमक्या मध्यभागी उभं राहू नका. लांबी आणि रुंदी सारखी असल्यामुळे अशा खोलीत ११४ हर्ट्झच्या आसपासचे सूर दोन्ही दिशांनी एकदमच फुगतात, आणि मध्यावर ते सगळ्यांत जास्त फुगतात. काळी एकच्या मंद्र धैवताची ही जागा. एक सूर ढोलासारखा आणि शेजारचा पंचम बारीक, असं झालं की दोष गळ्याला देऊ नका. भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर या.

तोंडापासून माइक एक वीत. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकमध्ये सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि बाहेरचा आहे तेवढाच राहतो, यापेक्षा स्वस्त साउंडप्रूफिंग नाही. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, तिथे लो-कट लावा. पेटीला दीड फूट, आणि भात्याच्या बाजूने नव्हे. तानपुरा ॲपवरून थेट वायरने घ्या. आधी पेटी, मग गळा, असं वेगवेगळं केलंत तर गाडीने एकच गोष्ट बिघडते.

पातळी अशी ठेवा की रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठे आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास येतील. बाकी काही नको.

घसा

ऑफिसातही आपलं वाद्य हेच आहे, हे कुणी सांगत नाही. हेडसेटमध्ये आपला आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस नकळत चढ्या पट्टीत बोलतो आणि दिवसभर घसा ताणतो. एक कान उघडा ठेवून बोला. ज्या दिवशी तासाभराचं सादरीकरण असेल त्या दिवशी गळा रेकॉर्ड करू नका, पेटी करा किंवा जुन्या टेकमधून (एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमधून) चांगले निवडा. चार तास हेडसेट घातल्यानंतर मिक्सिंगलाही बसू नका. थकलेल्या कानांना सगळंच बोथट वाटतं आणि हात तीक्ष्ण, वरच्या कंपनांचे आवाज वाढवत सुटतो. मिक्सिंग शनिवारी सकाळी, झोप झाल्यावर.

पावसाळा आणि गणपती

जून ते सप्टेंबर खिडकीवरच्या पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजतो आणि दुपारचा पट्टाही जातो. पेटीच्या पट्ट्या दमटपणाने फुगून अडकतात, तबल्याची पुडी उतरते. पेटी झाकून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळेल तेवढंच रेकॉर्ड करा. गणपतीच्या दिवसांत तर नावच काढू नका, आरतीला जा. वर्षभराच्या टेकची छाटणी याच महिन्यांत होते. त्यासाठी प्रत्येक फाइलला त्याच दिवशी तारीख, राग किंवा गाण्याचं नाव आणि पट्टी घाला, आणि शुक्रवारी ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर आठवड्याचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.