हानियात रूम बुक करताय? या चुका टाळा

आधी नाव नीट करून घेऊ, कारण पहिली चूक नावातच होते. स्पेलिंग बघून आपल्याकडे सगळे चानिया म्हणतात, तिकडे मात्र म्हणतात हानिया. ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पश्चिमेला, उत्तर किनाऱ्यावरचं जुनं बंदराचं शहर. आणि याच नावाचा अख्खा जिल्हासुद्धा आहे. आता बुकिंग साइटवर हानिया टाकलं की जिल्ह्यातली सगळी हॉटेलं समोर येतात, भाव कमी दिसतो, फोटोत निळाशार समुद्र दिसतो आणि आपण पटकन बुक करून मोकळे होतो. हे म्हणजे गुहागरला रूम घ्यायची आणि मी रत्नागिरीत उतरलोय म्हणायचं, जिल्हा तोच पण संध्याकाळी मांडवीवर फिरायला जाता येईल का! किसामोस हानिया शहरापासून ३५-४० किलोमीटर, पालेओहोरा तर डोंगर ओलांडून दक्षिण किनाऱ्यावर, ७० किलोमीटरच्या वर. दोन्ही गावं छान आहेत, तिथे मुद्दाम राहायला जा, पण चुकून जाऊ नका. रूम आवडली की फोटो बंद करा, मॅप उघडा आणि तिथून जुन्या बंदरातल्या दीपगृहापर्यंत चालत किती मिनिटं ते बघा. हा एक आकडा हॉटेलच्या सगळ्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

आपल्या लोकांची अजून एक अडचण म्हणजे व्हिसा. शेंगेनच्या फाइलला सगळ्या रात्रींचं बुकिंग जोडावं लागतं, मग घाईघाईत जे कॅन्सल करता येतं आणि स्वस्त आहे ते घेतलं जातं, "नंतर बघू" म्हणून. व्हिसा येतो तिकिटाच्या तोंडावर, तोपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात, आणि मग तेच बुकिंग राहतं ज्याच्याकडे आपण कधी धड बघितलंच नव्हतं. म्हणून लोकेशनचा विचार फाइल बनवतानाच करा, तेव्हाच एक संध्याकाळ काढा.

आता खरा मुद्दा, जुनं शहर. ओल्ड टाउन असं लिहिलेलं दिसलं की लोक डोळे झाकून बुक करतात, पण जुनं शहर म्हणजे एक जागा नाही, चार-पाच वेगवेगळ्या वस्त्या आहेत आणि प्रत्येकीची रात्र वेगळी आहे. व्हेनेशियन लोकांनी बांधलेलं हे शहर १६४५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी घेतलं, त्यामुळे गल्ल्या, घरं, देवळं सगळ्यावर दोन्ही हात फिरलेले दिसतात. बंदराच्या पश्चिमेला तोपानास, अरुंद गल्ल्या, बोगनवेल, जुनी व्हेनेशियन घरं आणि त्यातली छोटी हॉटेलं, फोटोत दिसतं ते बहुतेक हेच. पूर्वेला स्प्लांत्सिया, पूर्वीची तुर्की वस्ती, तिथल्या चौकात आयोस निकोलाओस चर्च आहे ज्याला एका बाजूला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे, समोर झाडाखाली लोक कॉफी घेऊन तासन्‌तास बसतात. आणि मधोमध बंदराचा काठ, जिथे रेस्टॉरंट आणि बार एकाला एक लागून.

पहिल्या खेपेला मी आणि नवऱ्याने काठावरचीच रूम घेतली होती, बाल्कनीतून थेट दीपगृह दिसणारी. संध्याकाळी सातला बाल्कनीत उभं राहिलो तेव्हा वाटलं आयुष्यात यापेक्षा चांगली रूम मिळणार नाही, पाण्यावर दिव्यांच्या रेघा, समोर याली तझामी या जुन्या मशिदीचा गोल घुमट. तिकडे लोक जेवायला बसतातच रात्री नऊ-साडेनऊला. बारा वाजता खाली गर्दी ऐन भरात होती, दोनला गाणी चालू, तीनला खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज, आणि साडेपाचला कचऱ्याची गाडी. बाल्कनीचं दार लाकडी, जुनं, त्याच्या फटीतून सगळं आत. तीन रात्री होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनला जाऊन मागच्या बाजूची रूम मागितली, सी व्ह्यू गेला पण झोप मिळाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बंदर बघायला सगळ्यांना फुकट आहे, झोपायला मात्र काठापासून दोन-तीन गल्ल्या आत जा. ज्यांना रात्री दोनपर्यंत जागायचंच आहे त्यांनी काठावर खुशाल राहावं, त्यांच्यासाठी ती जागा अगदी बरोबर आहे.

रिव्ह्यू वाचताना एकूण मार्क बघू नका, रिव्ह्यूच्या सर्चमध्ये नॉइझ आणि स्टेअर्स हे दोन शब्द टाका, आणि तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्याचे वाचा. फेब्रुवारीत शांत असलेली गल्ली ऑगस्टमध्ये शांत नसते.

स्टेअर्स का म्हणाले ते सांगते. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो, तिचे गुडघे दुखतात. आवाज टाळला, तोपानासमध्ये आत रूम घेतली, सगळं तपासलं आणि जिना तपासायचा राहिला. जुनी घरं उंच आणि चिंचोळी, संरक्षित असल्यामुळे लिफ्ट टाकणं सोपं नसतं, आणि रूमला जागा कमी म्हणून बेड वरच्या माळ्यावर. जिना म्हणजे शिडीच जवळजवळ, पायऱ्या अर्ध्या पावलाएवढ्या, कठडा एकाच बाजूला, आणि बाथरूम खाली. लिस्टिंगमध्ये हे मेझोनेट म्हणून लिहिलेलं होतं आणि मला वाटलं मेझोनेट म्हणजे काहीतरी ऐसपैस असेल. रात्री आई बाथरूमला उठली की मी मोबाइलचा टॉर्च धरून तिच्या पुढे उलटी उतरायचे, एकेक पायरी. दोन रात्री काढल्या आणि आईच म्हणाली, "अगं मी खाली सोफ्यावरच झोपते." आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर बुक करायच्या आधी हॉटेलला मेसेज करून तीन गोष्टी विचारा: रूम कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, आणि बेड व बाथरूम एकाच लेव्हलला आहेत का. उत्तर लेखी घ्या. मेझोनेट, लॉफ्ट, अ‍ॅटिक हे शब्द दिसले की समजायचं जिना आहे. ज्येष्ठांसाठी तटबंदीच्या बाहेरच्या नव्या शहरातल्या लिफ्टवाल्या बिल्डिंगी जास्त बऱ्या, दहा मिनिटांत चालत बंदर येतं आणि टॅक्सी दारात येते.

टॅक्सीवरून आठवलं, बंदराजवळच्या गल्ल्यांत गाडी जात नाही. टॅक्सी कडेला सोडते आणि पुढे दगडी फरशीवरून बॅग ओढत न्यायची, छोट्या चाकांच्या बॅगेचं काही खरं नसतं. भाड्याची गाडी घेणार असाल तर पार्किंग हा रूमइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. जुन्या शहराच्या पश्चिमेला तालोस चौकाजवळ मोठं पार्किंग आहे, त्यामुळे गाडीवाल्यांनी शहराची पश्चिम बाजू धरावी, उगाच पूर्वेला रूम घेऊन रोज गाडी शोधत फिरू नये.

बीच हवा असेल तर

काही लोकांना वाटतं बंदराजवळ राहिलो की खाली उतरून पोहता येईल. बंदराला दगडी धक्का आहे, वाळू नाही. जवळचा पोहण्याचा बीच म्हणजे नेआ होरा, बंदरापासून चालत पंधराएक मिनिटं, वाळूचा, काठावर माशांच्या खानावळी, आणि लहान मुलं बरोबर असतील तर माझ्या मते राहायला सगळ्यात चांगला भाग हाच. मुलांना सकाळी बीच, मोठ्यांना संध्याकाळी बंदर, गाडीची गरज नाही. पूर्वेच्या कुम कापीला समुद्र समोर आहे पण तिथे कॅफे आणि तरुण पोरांची गर्दी जास्त. त्याच्या पुढे तबाकारिया, जुने चामडं कमावायचे कारखाने समुद्राला लागून, आता तिथे सुंदर रूम झाल्यात, लाटेचा आवाज अगदी खिडकीखाली, पण पाण्यात उतरायला वाळू नाही. सी फ्रंट आणि बीच यातला फरक इथे कळतो. हालेपा त्याच बाजूला, शांत, जुने बंगले, ग्रीसचा पूर्वीचा पंतप्रधान व्हेनिझेलोस ज्या घरात राहायचा ते घर तिथेच, पण बंदर दोनेक किलोमीटर, म्हणजे उन्हात रोज जाऊन-येऊन कंटाळा येतो.

आणखी एक, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो आणि हा सगळा किनारा उत्तरेला तोंड करून आहे. वारा असला की लाटा उठतात, मुलांना पाण्यात सोडता येत नाही. तेव्हा आयी आपोस्तोलीच्या छोट्या खाड्या बऱ्या, आडोसा असतो, शहरापासून चार-पाच किलोमीटर, सिटी बस जाते.

पश्चिमेला अजून पुढे आया मारिना आणि प्लातानियास, नऊ ते अकरा किलोमीटर. लांबलचक वाळू, स्विमिंग पूलवाली मोठी हॉटेलं, आणि पॅकेज टूरवाले बहुतेक इथेच उतरवतात. हॉटेलातून न हलता सुट्टी घालवायची असेल तर चांगलंच आहे. पण हानिया बघायचं म्हणून इथे राहिलात तर रोज बसचं टाइमटेबल बघत जेवण उरकावं लागेल. आणि हिवाळ्यात चुकूनही इथे बुक करू नका, नोव्हेंबर ते मार्च या पट्ट्यातली बरीच हॉटेलं आणि दुकानं बंद असतात, रस्त्यावर माणूस दिसत नाही. हानिया शहर मात्र बारा महिने चालू.

उलट चूकही होते. सामारिया घळ करायची आहे आणि रूम बस स्टँडपासून लांब. घळीची चाल १६ किलोमीटर, वर ओमालोसला सुरुवात, समुद्रापर्यंत उतरायचं आणि मग बोट आणि बस करून रात्री परत. केटेलची म्हणजे गावोगावी जाणारी हिरवी बस पहाटे सुटते, त्या वेळी दुसरं वाहन शोधत बसणं अवघड. घळ, एलाफोनिसी आणि फालासार्नाचे बीच असं बसनेच करायचं असेल तर १८६६ चौकाच्या आसपास रूम घ्या, स्टँड तिथेच. जागा दिसायला साधी, फोटोत उठून दिसत नाही, पण पाच दिवसांत त्याची किंमत कळते.

आणि सँतोरिनी बेट! कितीतरी लोक हानियाची शेवटची रात्र धरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या सँतोरिनीच्या बोटीचं तिकीट काढतात आणि नंतर लक्षात येतं की बोट हेराक्लिओनहून आहे. सँतोरिनीच्या बहुतेक बोटी तिथूनच सुटतात आणि हानिया ते हेराक्लिओन साधारण १४० किलोमीटर, बसने अडीच-तीन तास. तिकिटावर बंदराचं नाव वाचा, आणि हेराक्लिओन असेल तर शेवटची रात्र तिथे टाका. अथेन्सहून पिरेअसची रात्रीची बोट घेतलीत तर ती हानियाजवळ सौदाला पहाटे पोचते आणि चेक-इन दुपारी दोन-तीनला असतं, तेव्हा बॅगा ठेवून घेतील का हे आधीच विचारून ठेवा. रिसेप्शन नसलेल्या अपार्टमेंटमध्ये बहुतेक वेळा नाहीच म्हणतात.

रूमवर पोचल्यावर काय अडतं

गरम पाणी येत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. छतावर सोलर असतो, ढगाळ दिवस असला किंवा तुमच्या आधी चार जणांनी अंघोळ केली की संपतं. दाराजवळचा फ्यूजचा बॉक्स उघडा, त्यात इतरांपेक्षा मोठा एक स्विच असतो, बऱ्याचदा शेजारी छोटा लाल दिवा, तो थर्मोसिफोनास म्हणजे गीझर. अर्धा तास चालू करा आणि अंघोळ झाली की आठवणीने बंद करा.

टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकू नका, बाजूच्या डब्यातच टाकायचा, तिथले पाइप अरुंद आहेत, तुंबलं तर भुर्दंड तुम्हाला. जेट स्प्रे नसतो, मग घरून न्या किंवा प्लास्टिकचा मग तरी. आपल्या मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांची इस्त्री-केटल चालत नाही, अ‍ॅडॉप्टर लागतो.

पैशाचं एक. बुकिंगच्या रकमेशिवाय चेक-इनला सरकारी क्लायमेट फी घेतात, ती फसवणूक नाही त्यामुळे भांडू नका. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये एका रूमला एका रात्रीचे तीन स्टारला ५ युरो, चार स्टारला १०, पाच स्टारला १५, आणि भाड्याच्या साध्या अपार्टमेंटला ८. दोन रूम, चार रात्री, चार स्टार म्हणजे सरळ ८० युरो. दोन हॉटेलांची तुलना करताना ही फी धरूनच करा. अपार्टमेंट असेल तर लिस्टिंगवर सरकारी नोंदणीचा एएमए नंबर आहे का बघा, नसेल तर ते सोडून द्या.

काही बिघडलंच, एसी चालत नाही, वास येतो, फोटोतली रूम वेगळीच होती, तर पहिल्याच दिवशी बोला. फोटो काढा आणि फोनवर न बोलता अ‍ॅपमधूनच मेसेज करा म्हणजे नोंद राहते. तिसऱ्या दिवशी सांगितलं की कोणी मनावर घेत नाही. लोक तसे मदत करणारे आहेत, पण दुपारी तीन ते साडेपाच उन्हाळ्यात कायद्याने शांततेची वेळ, त्यात मालकाला फोन लावत बसू नका, आणि आपल्या मुलांनाही तेवढा वेळ जरा हळू खेळायला सांगा, वरच्या मजल्यावर कोणीतरी झोपलेलं असतं.

शाकाहारी असाल तर अडचण कमी येते, दाकोस म्हणजे टोस्टसारख्या कडक पावावर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज, बुरेकी म्हणजे बटाटा आणि झुकिनीचं, कुठेही मिळतं. तरी चार दिवसांनी आईला वरणभात लागतोच, तेव्हा किचनवाला स्टुडिओ बघा, त्यात पातेलं आहे की नुसती कॉफीची किटली हेही विचारा. मिनोओस रस्त्यावर शनिवारी सकाळी भाजीबाजार भरतो, पूर्वेकडच्या तटबंदीला लागून. स्प्लांत्सियाच्या बाजूला राहत असाल तर चालत पाच-दहा मिनिटं. आम्ही तिथून टोमॅटो, लिंबं आणि कोवळी पालेभाजी आणली, डाळ-तांदूळ आणि फोडणीचा डबा घरूनच नेला होता, आणि आईने त्या दोन शेगड्यांवर चौघांचा स्वयंपाक केला.