सीईटीच्या सराव परीक्षेचा निकाल कसा वाचावा

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बारावी विज्ञानाच्या घरांत एक प्रश्न रोज ऐकू येतो: ‘आज किती पडले?’ विद्यार्थी एक आकडा सांगतो, घरचे त्यावरून खूश होतात किंवा गप्प बसतात, आणि उत्तरपत्रिका पुन्हा कोणी उघडत नाही. वास्तविक एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षेत एकूण गुणांचा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. हे गुण नेमके कोठून आले आणि उरलेले कोठे गेले, हे शोधणे म्हणजे निकाल वाचणे. तीन तासांची परीक्षा दिली असेल, तर या कामालाही तेवढाच वेळ राखून ठेवावा. पुढील विवेचन अभियांत्रिकीसाठीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचे आहे.

प्रथम परीक्षेची रचना डोळ्यांसमोर हवी. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 50 प्रश्न एका गुणाचे असून दोन्हींसाठी मिळून 90 मिनिटे असतात. त्यानंतर गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, त्यांनाही 90 मिनिटे. म्हणजे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे आहेत. पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात, तर गणितात 108 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर आणि 80 टक्के बारावीवर असतात. तुमच्या क्लासची सराव परीक्षा या साच्यात बसत नसेल, तिच्यात नकारात्मक गुणदान असेल किंवा तिन्ही विषयांचा वेळ एकत्र दिलेला असेल, तर अभ्यास म्हणून ती चांगलीच आहे. मात्र तिच्या गुणांवरून सीईटीचा अंदाज बांधू नये.

आता एक निकाल जवळून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीला 112 गुण मिळाले: भौतिकशास्त्रात 27, रसायनशास्त्रात 37 आणि गणिताचे 24 प्रश्न बरोबर, म्हणून 48. वरवर पाहता ‘गणित कच्चे आहे’ असा शेरा मारून कोणीही मोकळा होईल. पण तिने गणिताचे 38 प्रश्न सोडवले, त्यांपैकी 14 चुकले आणि 12 कोरे राहिले, हे समजल्यावर चित्र बदलते. चुकलेले 14 प्रश्न तिने दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता पुन्हा सोडवले. पाच प्रश्नांत रीत बरोबर होती, पण कोठे उणे चिन्ह सुटले होते, तर कोठे कच्च्या कागदावर 6 चा 0 वाचला गेला होता. तीन प्रश्नांत ‘चुकीचे विधान कोणते’ असे विचारले असताना तिने बरोबर विधान निवडले होते. सहा प्रश्न मात्र खरोखरच येत नव्हते. त्यांतले चार इंटिग्रेशन आणि व्हेक्टर्सचे. कोऱ्या राहिलेल्या 12 पैकी 7 प्रश्न तिला घरी सहज सुटले, म्हणजे तेथे ज्ञान कमी पडले नव्हते, वेळ कमी पडला होता.

याचा हिशेब ‘घाईच्या चुका’, ‘वेळ पुरला नाही’ आणि ‘येत नाही’ अशा तीन रकान्यांत मांडून पाहावा. घाईने आणि अर्धवट वाचनाने आठ प्रश्न, म्हणजे 16 गुण गेले. वेळ न पुरल्याने सात प्रश्न, म्हणजे 14 गुण गेले. नव्याने शिकावे लागेल असे प्रश्न फक्त अकरा आहेत. या मुलीने ‘गणित पहिल्यापासून’ करायला घेतले असते, तर येत असलेल्या गोष्टींवरच महिना गेला असता.

कोऱ्या प्रश्नांबद्दल थोडे अधिक. गुण वजा होत नसताना एकही प्रश्न कोरा सोडणे हे निव्वळ नुकसान आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तरी 12 पैकी सरासरी तीन बरोबर येतात आणि गणितात त्याचे सहा गुण होतात. म्हणून शेवटची दोन मिनिटे उरलेल्या प्रश्नांवर खुणा करण्यासाठी ठेवावीत. सरावात मात्र अंदाजाने दिलेल्या प्रश्नांचे क्रमांक कच्च्या कागदावर लिहून ठेवावेत आणि नशिबाने बरोबर आलेली उत्तरेही ‘येत नाही’ याच रकान्यात टाकावीत. अनेक हुशार मुले येथेच स्वतःची फसवणूक करून घेतात.

यानंतर पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्यामुळे तुमच्या सत्रातल्या किती टक्के विद्यार्थ्यांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, हे मोजले जाते. सत्रात 10,000 विद्यार्थी असतील आणि त्यांपैकी 9,200 जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे असतील, तर तुमचे पर्सेंटाइल 92. साहजिकच अवघड सत्रातले 130 गुण सोप्या सत्रातल्या 140 गुणांपेक्षा वरचे ठरू शकतात, आणि ‘इतक्या गुणांना इतके पर्सेंटाइल’ अशा फिरत्या तक्त्यांवर फार विसंबता येत नाही. क्लासमधल्या तीनशे मुलांत निघालेले पर्सेंटाइल तर वेगळेच प्रकरण आहे. ती तीनशे मुले आधीच तयारीची असतात, त्यामुळे तेथला 70 हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. वरच्या टोकाला दशांशही महत्त्वाचे असतात: तीन लाख विद्यार्थी धरले, तर 98 आणि 99 यांच्यात तीन हजार जण उभे असतात.

म्हणून उद्दिष्ट ठरवताना ‘नव्वदच्या वर’ असे मोघम बोलू नये. ही परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी कक्ष प्रवेशफेऱ्यांचे कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते आकडे, प्रसिद्ध करतो. त्यांत आपला प्रवर्ग, हवी ती शाखा आणि पाच-सहा महाविद्यालये शोधून आकडे वहीत उतरवावेत. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या नामांकित अभियांत्रिकी संस्थांमध्ये खुल्या प्रवर्गातून संगणक शाखा हवी असेल, तर 99 च्याही वरची तयारी लागते. त्याच शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयात किंवा दुसऱ्या शाखेत हा आकडा बराच खाली येतो. बारावीच्या बोर्डात पीसीएमचे किमान 45 टक्के, राज्यातील मागासवर्गीयांसाठी 40 टक्के, ही अट सीईटीच्या नादात विसरू नये.

पुढचे नियोजन दोन आठवड्यांचे करावे, त्याहून लांबचे कागदावरच राहते. वरच्या उदाहरणातल्या मुलीने पहिला आठवडा इंटिग्रेशन आणि व्हेक्टर्सला द्यावा, त्यासोबत रोज 25 प्रश्न 45 मिनिटांत घड्याळ लावून सोडवावेत. प्रश्नांची काठिण्यपातळी जेईई मेन या देशपातळीवरील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या बरोबरीची असली, तरी अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असतो. त्यामुळे बालभारतीचे पुस्तक आधी आणि जाडजूड संच नंतर. अकरावीची सगळी प्रकरणे नसतात, म्हणून सीईटी कक्षाची चालू वर्षाची यादी पाहूनच सरळ रेषा, वर्तुळ, लिमिट्स वगैरे निवडावे. भौतिकशास्त्राचे गुण 27 च्या वर न्यायचे असतील, तर पहिल्या भागात रसायनशास्त्र 35 मिनिटांत आटोपून उरलेली 55 मिनिटे भौतिकशास्त्राला देऊन पाहावीत. आकडेमोड तेथे जास्त असते, रसायनशास्त्राची बरीच उत्तरे वाचता वाचता येतात.

पुढची सराव परीक्षा हे दोन आठवडे संपल्यावरच द्यावी. रोज एक परीक्षा देणारी मुले मला दमलेली दिसतात, सुधारलेली क्वचितच. गुण पाच-सातने खाली आले म्हणून योजना बदलू नये, कारण तेवढी चढउतार प्रश्नपत्रिकेमुळेही होते. तीन परीक्षांची सरासरी आणि ‘घाईच्या चुका’ हा रकाना, एवढेच पाहावे. रकाना आठवरून तीनवर आला असेल, तर एकूण गुण तितकेच दिसत असले तरी सुधारणा झालेली आहे. प्रवेशपत्रावर सत्र कळले की उरलेल्या सराव परीक्षा त्याच वेळेला, सकाळी 9 वाजता किंवा दुपारी 2 वाजता, संगणकावरच द्याव्यात. दुपारच्या सत्रवाल्यांनी जेवणाची वेळही आतापासूनच पुढेमागे करून घ्यावी.