इटलीतल्या टेकडीवरच्या गावांची एका दिवसाची सहल: या चुका टाळा

तोस्काना आणि उम्ब्रिया या प्रांतांतली जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर आहेत आणि रेल्वे खालच्या खोऱ्यातून जाते. सहलीचं गणित बहुतेक वेळा इथेच चुकतं. स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव वाचलं की आपण पोहोचलो असं वाटतं, पण खरं गाव अजून वर असतं. त्यामुळे गाडीच्या वेळेत हा शेवटचा टप्पा मिळवूनच दिवस आखा.

हा टप्पा गावागणिक वेगळा असतो. ऑर्व्हिएतोला स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे निघते आणि काही मिनिटांत वर पोहोचवते, त्यामुळे पहिल्या सहलीसाठी हे गाव सगळ्यात सोपं. पेरुजाच्या फोंतिवेज्जे स्टेशनवरून मिनिमेट्रो, म्हणजे छोट्या डब्यांची शहरी रेल्वे, जुन्या शहरापर्यंत नेते. असिसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे. तिथून चार-पाच किलोमीटर बसने चढावं लागतं. सिएनाला स्टेशनसमोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची लांब रांग पोर्ता कामोल्लिया या जुन्या वेशीपर्यंत जाते, आणि पुढे पियात्सा देल काम्पो या मुख्य चौकापर्यंत साधारण वीस मिनिटं चालायचं. हे टाळायचं असेल तर फ्लॉरेन्सहून ट्रेनऐवजी १३१ आर ही जलद बस घ्या. ती साधारण सव्वा तासात जुन्या गावाच्या कडेला सोडते. नुसत्या १३१ मध्ये बसलात तर वाटेतली गावं घेत जाते. आर हे अक्षर पाहूनच चढा.

सान जिमिन्यानोला तर रेल्वेच नाही. पोज्जिबोन्सीला उतरून १३० क्रमांकाची बस घ्यावी लागते, सुमारे पंचवीस मिनिटांचा प्रवास.

वेळापत्रकातला फसवा शब्द

बसच्या वेळापत्रकात 'फेरिआले' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सुट्टीचा दिवस असा लावू नका. फेरिआले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणाच्या दिवशी धावणाऱ्या बसला 'फेस्तिव्हो' म्हणतात. तिसरा शब्द 'स्कोलास्तिको': ही बस शाळा चालू असतानाच धावते. आपल्याकडचे बरेच लोक जून ते ऑगस्टमध्ये जातात आणि नेमक्या तेव्हा तिथल्या शाळांना सुट्टी असते. कागदावर दिसणारी संध्याकाळची सोयीची बस स्कोलास्तिको असेल तर ती येणारच नाही.

म्हणून आधी परतीची शेवटची बस शोधा, मग तिच्या आधीची एक, आणि त्या आधीच्या बसवर बेत ठरवा. शेवटची बस राखीव ठेवायची. रविवारी फेऱ्या फारच कमी असतात. ऑर्व्हिएतोहून बान्योरेज्योला, म्हणजे पुलापलीकडचं चिविता हे जुनं गाव पाहायला जिथे उतरतात तिथे, रविवारी बसच नसते.

बस चुकलीच तर थांब्यावर टॅक्सीची वाट पाहत उभं राहू नका. लहान गावांत टॅक्सी फोन करून बोलवावी लागते. असिसीत मात्र उतार असल्याने तासाभरात चालत स्टेशन गाठता येतं.

एका दिवसात दोन गावं

नकाशावर ऑर्व्हिएतो आणि असिसी जवळ दिसतात. रेल्वेने मात्र तेरोन्तोलाला गाडी बदलून दोन तासांहून जास्त वेळ जातो. सिएना-ऑर्व्हिएतोचंही तसंच, कियुसीला गाडी बदलावी लागते. जोडी करायची तर एकाच मार्गावरची करा: असिसी आणि पेरुजा, किंवा सिएना आणि सान जिमिन्यानो. दुसऱ्या जोडीला १३० ही बस थेट जोडते. दुपारी साधारण साडेबारा ते तीन बरीच छोटी चर्च बंद असतात. ती वेळ जेवणाला किंवा प्रवासाला द्या. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

तिकीट

प्रादेशिक, म्हणजे वाटेत थांबत जाणाऱ्या रेल्वेगाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. शिक्क्यानंतर ते चार तास चालतं. मोबाइलवरच्या तिकिटाला गाडी सुटण्याआधी चेक-इन करावं लागतं. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे आधी काढून पैसे वाचत नाहीत. उलट जलद गाडीचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं, म्हणून परतीसाठी प्रादेशिकच बरी. संप म्हणजे 'शोपेरो' असेल तर कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत काही प्रादेशिक गाड्या हमखास धावतात.

भाड्याची गाडी

जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएल असते, म्हणजे बाहेरच्या वाहनांना बंद असलेला भाग. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि भाड्याने देणारी कंपनीही आपलं शुल्क वेगळं कापते. नकाशाचं अॅप तुम्हाला सरळ आत घालू शकतं, म्हणून हॉटेलऐवजी गावाच्या तटाबाहेरच्या पार्किंगचा पत्ता टाका. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच काढा, तिकडे पोहोचल्यावर त्याची सोय लगेच होत नाही.

२ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनात पालिओची घोडेशर्यत असते. ती पाहायची नसेल तर त्या दिवशी दुसरं गाव निवडा.