परराज्यात सरकारी शाळेत शिक्षक म्हणून जाताय? नाशिक सोडण्याआधी या चुका टाळा

केंद्रीय विद्यालय, नवोदय किंवा एकलव्य शाळेत निवड झाली की घरात पहिला प्रश्न येतो, 'पोस्टिंग कुठे?' त्याआधी कागदपत्रांची फाइल उघडा, कारण हाती आलेली नोकरी पडताळणीत अडकू शकते.

सगळ्यात महागात पडते ती जातीच्या दाखल्याची चूक. केंद्राच्या भरतीला ओबीसीचा दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो. तिथे व्हीजे-एनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) असा वेगळा गट नाही. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत; आपली जात तिथे शोधा आणि मगच फॉर्म भरा. एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखलाही तिथे चालत नाही. मराठा उमेदवार निकषांत बसत असेल (कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, शिवाय मालमत्तेच्या अटी), तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस, दोन्ही दाखल्यांत आर्थिक वर्ष बघा, जुना दाखला जोडू नका.

दुसऱ्या राज्य सरकारच्या भरतीचे गणित आणखी वेगळे. सुरगाण्याच्या कोकणा उमेदवाराला शेजारच्या गुजरातमधील डांगमध्ये आपलीच जमात भेटते. तरीही गुजरातच्या भरतीत महाराष्ट्राच्या एसटी दाखल्यावर आरक्षण मिळत नाही. हे आधी कळले तर निदान तयारी खुल्या गटाच्या हिशेबाने करता येते.

नावाचेही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. फॉर्म दहावीप्रमाणे भरा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत सोबत ठेवा.

महाटीईटी या राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या भरवशावर राहू नका, केंद्राच्या शाळांसाठी केंद्राची सीटीईटी द्या. नुसत्या बी.एड.वर प्राथमिकचा फॉर्मही भरू नका. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती वाट बंद केली आहे.

झेडपीत नोकरीला असाल तर अर्ज कार्यालयामार्फत करा आणि ना हरकत घ्या. एनपीएस या पेन्शन योजनेचा प्रान (खाते) क्रमांक तोच चालतो, नवा काढू नका.

केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवता यायला हवे. मराठी माध्यमातून डी.एड. केलेल्यांनी अपूर्णांकांचा एक तास घरीच हिंदीतून, मोठ्याने घेऊन बघावा. कुठे अडखळतो ते लगेच कळते.

नवोदय आणि एकलव्य निवासी आहेत, त्यामुळे शाळा सुटल्यावरही मुलांची जबाबदारी असते. क्वार्टर हातात येईपर्यंत सामानाचा टेम्पो भरू नका. आणि नाशिकजवळच्या देवळाली किंवा ओझरच्या केंद्रीय विद्यालयात लवकर बदली होईल असे धरून जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा ठरवू नका. तिथे जागा रिकामी असेल तरच बदलीचा विचार होतो.