झाड पाडताना सेप्टिक टाकी सांभाळा

झाड पाडायचं म्हटलं की लोक विजेची वायर बघतात, पत्र्याची शेड बघतात, शेजाऱ्याची गाडी हलवायला सांगतात. पायाखाली काय आहे, ते कुणी बघत नाही. मी नोकरीभर बांधकामावर ओव्हरसिअर होतो, त्यामुळे माझी नजर आधी जमिनीकडे जाते.

उंड्री गाव २०१७ साली पुणे महापालिकेत आलं, तरी आमच्या गल्लीतल्या जुन्या बंगल्यांचा मैला अजून टाकीतच जातो. इथले गुलमोहर आता म्हातारे झालेत. कललेलं झाड आपल्याच आवारात असलं तरी ते काढायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कागद हातात येईपर्यंत टाकी शोधून ठेवा.

संडासामागच्या चेंबरमध्ये पाणी कुठल्या बाजूला जातं ते बघा आणि त्या रेषेत पहारीने हलकं ठोकत जा. पोकळ आवाज आला की खाली टाकी आहे. तिच्या पुढे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा. दोन्हींभोवती आणि पाइपच्या रेषेवर खुणेसाठी पांढरी फक्की मारा. टाकीत वाकून बघू नका. आतला वायू क्षणात माणूस पाडतो.

जुन्या टाक्यांवर पुष्कळदा नुसती शहाबादी फरशी असते. दोन फूट जाडीचा, चार फूट लांबीचा ओला ओंडका अडीच-तीनशे किलोला भरतो. तो वरून पडला तर फरशीचं काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. म्हणून खोड एकदम पाडू द्यायचं नाही. शेंड्यापासून तुकडे करून दोरखंडाने उतरवायचे, तेही फक्कीच्या बाहेर.

टेम्पो कुठे उभा राहणार, हे करवत सुरू होण्याआधी ठरवा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शोषखड्ड्याच्या विटा पुष्कळदा मसाल्याशिवाय, जाळीसारख्या रचलेल्या असतात. भरलेला टेम्पो काठावरून गेला की त्या आत सरकतात आणि भोवतालची मातीही दाबून घट्ट होते. मग पाणी मुरत नाही. ड्रायव्हर ‘दोन मिनिटं फक्त’ म्हणेल. नाही म्हणायचं.

खोडाचा बुंधा टाकीजवळ असेल तर तो उपटू नका. जेसीबीवाला साखळी बांधून ओढायला एका पायावर तयार असतो, पण मुळं विटांत आणि चिनी मातीच्या पाइपच्या सांध्यांत शिरलेली असतात. ती निघताना सगळं घेऊन निघतात. बुंधा जमिनीलगत कापून तसाच कुजू द्या. कोंब आले की छाटा. मुळं मारायला संडासात मोरचूद ओतायचा सल्ला मिळेल. तो ऐकलात तर टाकीतले जिवाणूच मरतील.

‘आधी टाकी उपसून घेऊ’ हेही नको, पावसाळ्यात तर नकोच. काळी माती पाण्याने फुगलेली असताना रिकाम्या टाकीच्या भिंतींना आतून आधार राहत नाही. प्लास्टिकची टाकी तर वर उचलली जाते.

काम झालं की संडासात चार-पाच बादल्या पाणी ओता आणि चेंबरपाशी उभे राहा. पाणी तुंबलं नाही, तरच ठेकेदाराचे उरलेले पैसे द्या. पुढची दोन-तीन वर्षं मुळं कुजतील तशी जमीन खचेल. तिथे मुरूम टाकून पायानेच दाबा, रोलर आणू नका.