न्यायाधीशाला येणारा फोन कसा बंद करायचा

कम्युनिस्ट राजवट गेली की सगळ्यांना घाई होते ती नवी राज्यघटना लिहायची. मी घटनात्मक कायदाच शिकवते, तरी सांगते: आधी न्यायाधीशाच्या घराकडे बघा. सोव्हिएत पद्धतीत न्यायाधीश काही वर्षांपुरताच निवडला जाई. राहायची जागा आणि पुढची मुदत, दोन्ही पक्षाच्या मर्जीवर. मग खटला नाजूक असला की पक्ष कार्यालयातून फोन येई आणि निकाल तिथेच ठरे.

म्हणून नेमणूक निवृत्तीपर्यंतची ठेवा. पगार, घर, बदली कायद्याने बांधा. खटले सोडतीने वाटा. ते काम न्यायालयाच्या अध्यक्षाकडे राहिलं, तर फोन त्याला येऊ लागतो, एवढाच फरक.

जुन्या न्यायाधीशांना सरसकट काढू नका, सरसकट ठेवूही नका. प्रत्येकाची वेगळी चौकशी करा. पण त्याआधी नवी माणसं तयार हवीत. अल्बानियाने 2016 च्या घटनादुरुस्तीनंतर प्रत्येक न्यायाधीशाची मालमत्ता, संबंध आणि कुवत तपासली. ते गरजेचंच होतं. मात्र 2018 पासून काही काळ घटनात्मक न्यायालयच गणसंख्येअभावी अडून बसलं.

नेमणुकांसाठी न्यायपरिषद स्थापन करा आणि तिचे नियम लिहिताना कंजुषी करू नका. पोलंडने 1989 मध्येच अशी परिषद उभारली. 1997 च्या घटनेत तिचे पंधरा सदस्य न्यायाधीशांमधून निवडावेत असं आलं. ते कोणी निवडायचे, हे स्पष्ट लिहिलं नाही. वर्षानुवर्षं न्यायाधीशच निवडत आले, कोणाला काही खटकलं नाही. 2017 मध्ये संसदेतल्या बहुमताने साधा कायदा करून ती निवड कनिष्ठ सभागृहाकडे नेली. मला या न लिहिलेल्या एका वाक्याची फार हळहळ वाटते. परिषदेत बहुमत न्यायाधीशांचं असेल आणि त्यांना न्यायाधीशच गुप्त मतदानाने निवडतील, हे घटनेतच लिहा.

सरकारी वकिलाला न्यायालयांवर देखरेखीचा जुना अधिकार असेल, तर तो रद्द करा.

आणि निवृत्तीचं वय! हंगेरीने ते एकदम 70 वरून 62 वर आणलं. 2012 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, पण तोवर अनेक जागांवर नवे लोक बसले होते. त्यामुळे वयही घटनेत घाला आणि सोबत एक कलम जोडा: वयातला कोणताही बदल त्यानंतर नेमल्या जाणाऱ्यांनाच लागू होईल.